शनिवार पाळणारे अमेरिकन
वसाहतकाळातील स्वयंघोषित नबी आणि त्यांचे लहान पंथ

अमेरिका हा धर्मस्वातंत्र्याचा देश आहे, असे आपण शाळेच्या पुस्तकात वाचले. इंग्लंडमध्ये छळ झालेले प्युरिटन लोक 1620 व 1630 साली समुद्र ओलांडून गेले आणि तेथे त्यांनी आपापल्या श्रद्धेप्रमाणे देवाची भक्ती केली, इतकी ती गोष्ट सरळ आहे. परंतु इतिहासाची पाने जरा उलटली म्हणजे असे दिसते की, या मंडळींना स्वातंत्र्य हवे होते ते स्वतःपुरते. दुसऱ्याला ते देण्यास ते मुळीच तयार नव्हते. मॅसॅच्युसेट्समध्ये 1659 ते 1661 या अवघ्या तीन वर्षांत चार क्वेकर फासावर चढले. त्यांत मेरी डायर नावाची एक स्त्री होती. तिला हद्दपार केले तरी ती पुन्हा परत आली, एवढाच तिचा अपराध.

अशा त्या अमेरिकेत सतराव्या आणि अठराव्या शतकांत अनेक लहान लहान पंथ निघाले. कोणाला स्वप्नात साक्षात्कार झाला, कोणी आकाशातील धूमकेतू पाहून जगाच्या अंताची तारीख काढली, तर कोणी मरून पुन्हा उठल्याचे सांगितले. यांपैकी काही पंथांची हकिकत आपल्या समाजाला विशेष जवळची वाटेल. कारण हे लोक जन्माने व श्रद्धेने ख्रिस्ती असूनही रविवार सोडून शनिवार पाळत होते. बायबल उघडावे, दहा आज्ञांतील चौथी आज्ञा वाचावी आणि विचारावे की, देवाने सातवा दिवस पवित्र केला असताना पहिला दिवस पाळण्याचा हुकूम कोणी दिला? हा प्रश्न त्यांनी आपल्याच धर्मगुरूंना विचारला आणि त्यासाठी दंड भरला, तुरुंग भोगला.

या पंथांपैकी कोण टिकले, कोण नाहीसे झाले आणि असे का झाले, हे पाहण्यासाठी हा लेख लिहिला आहे.

दुप्पट तोट्याचा दिवस

आरंभी त्या काळचा कायदा लक्षात घेतला पाहिजे. न्यू इंग्लंडच्या वसाहतींत रविवारी काम करणे हा गुन्हा होता. नांगर धरला, दुकान उघडले किंवा विनाकारण प्रवास केला तर दंड होई, आणि दंड भरला नाही तर त्याहून कडक शिक्षा होई. पुष्कळ ठिकाणी चर्चला न जाणे हाही गुन्हाच होता. पेनसिल्व्हेनियाची वसाहत विल्यम पेन या क्वेकराने 1681 साली मिळविली आणि तेथे विचारस्वातंत्र्य बरेच दिले. तरी रविवारच्या कामाला बंदी तेथेही होतीच.

आता जो मनुष्य शनिवारी शब्बाथ म्हणून काम बंद ठेवतो आणि रविवारी कायद्याच्या भीतीने बंद ठेवतो, त्याच्या हाती आठवड्याचे पाचच दिवस राहतात. शेतकरी आणि कारागिरांच्या वस्तीत हा तोटा लहान नव्हे. म्हणून शनिवार पाळणारे बहुतेक लोक रविवारी कामाला लागत आणि मग शेजाऱ्यांच्या तक्रारीवरून पकडले जात. म्हणजे जो कोणी शनिवार पाळी, तो हिशेब करूनच पाळी. त्याच्या श्रद्धेची किंमत त्याच्या वहीत रुपये-आण्यांप्रमाणे लिहिली जात होती, असे म्हणण्यास हरकत नाही.

विसाहिकॉनच्या रानातील चाळीस जण

जर्मनीत तीस वर्षांच्या युद्धाने गावेच्या गावे ओस पडली होती. पुढे फ्रेंच फौजांनी ऱ्हाइन नदीकाठचा प्रदेश जाळला. अशा हालअपेष्टांत माणसे ज्योतिषाकडे आणि भविष्याकडे वळतात. योहान याकोब झिमरमन नावाचा एक पदच्युत पाद्री गणित व खगोलशास्त्र जाणणारा होता. त्याने धूमकेतूंचा अभ्यास केला, बायबलातील आकडे मांडले आणि 1694 साली या युगाचा शेवट होणार असे गणित काढले. त्या घटकेला अमेरिकेच्या रानात जाऊन वाट पाहावी असे ठरले. सुमारे चाळीस माणसे निघाली. परंतु जहाजात चढण्याच्या सुमारास रॉटरडॅम येथे खुद्द झिमरमनच मरण पावला.

नेता गेला तरी मंडळी परत फिरली नाहीत. ट्रान्सिल्व्हानियाचा योहानेस केल्पियस हा त्या वेळी अवघा सत्तावीस वर्षांच्या आसपासचा विद्वान तरुण होता. त्याला पुढे करून ते 1694 च्या जूनमध्ये फिलाडेल्फियास पोहोचले. गावाबाहेर विसाहिकॉन नावाच्या ओढ्याकाठी त्यांनी चाळीस फूट लांब व तितकेच रुंद असे लाकडी सभागृह उभारले आणि आकाशातील चिन्हे दिसावीत म्हणून दुर्बिणीने रात्र-रात्र पहारा सुरू केला. ते अविवाहित राहत, प्रार्थना करीत, शेजारच्या मुलांना फुकट शिकवीत आणि औषधपाणी देत.

1694 साल संपले. 1695 आले आणि गेले. आकाशातून कोणी उतरले नाही. एकेक जण गावात जाऊन लग्न करून संसाराला लागला. केल्पियस 1708 साली मरण पावला आणि दोन-चार वैरागी मागे राहिले. ही माणसे लबाड नव्हती, हे सांगितलेच पाहिजे. त्यांच्याविषयी शेजाऱ्यांना आदरच होता. परंतु त्यांचा सारा धर्म एका तारखेवर उभा होता. तारीख टळल्यावर उद्या सकाळी उठून काय करावे, याचे उत्तर त्यांच्याजवळ नव्हते.

एफ्राटा

केल्पियसच्या मंडळीत सामील व्हावे म्हणून 1720 साली जर्मनीहून एक तरुण भटारी आला. त्याचे नाव कॉनराड बायसेल. येऊन पाहतो तो मंडळी विखुरलेली! जर्मनटाउन येथे त्याने विणकाम शिकून काही काळ काढला, 'डंकर' नावाच्या बॅप्टिस्ट पंथात शिरला, पण तेथेही त्याचे जमेना. शनिवार हाच खरा शब्बाथ होय, असे त्याचे ठाम मत झाले आणि 1728 साली त्याने या विषयावर एक पुस्तिकाच छापली. त्याच वर्षी तो व त्याचे अनुयायी डंकरांपासून वेगळे झाले. 1732 साली तो एकटाच कोकॅलिको ओढ्याकाठी झोपडीत राहावयास गेला. थोड्याच दिवसांत अनुयायी मागोमाग आले आणि तेथे एक मठच उभा राहिला.

त्या जागेला त्यांनी नाव दिले एफ्राटा. राहेलमातेच्या मृत्यूच्या प्रसंगात तोरामध्ये जे एफ्राथ नाव येते तेच हे. त्यांच्या इमारतींची नावेही केदार, सियोन, पनिएल, शारोन अशीच होती. तेथील जीवन मात्र फार कठोर होते. ब्रह्मचारी पुरुष आणि स्त्रिया वेगवेगळ्या घरांत राहत. लाकडी बाकावर झोपावयाचे आणि उशाला लाकडाचाच ठोकळा. दिवसातून एकदाच साधे, बिनमांसाचे जेवण. रात्री नऊला निजून बारा वाजता उठावयाचे, मशियाह याच वेळी येईल म्हणून दोन तास प्रार्थना करावयाची आणि पुन्हा पाचपर्यंत झोप. दारे मुद्दाम बुटकी केलेली होती. आत जाणाऱ्याची मान आपोआप लवावी, हा हेतू. भरभराटीच्या काळात तेथे सुमारे ऐंशी ब्रह्मचारी आणि आजूबाजूच्या शेतांवर दोनशेच्या आसपास संसारी मंडळी होती.

या लोकांच्या हातून झालेले काम पाहून आजही आश्चर्य वाटते. बायसेलला संगीताचे शास्त्रोक्त शिक्षण नव्हते. तरी त्याने स्वतःचे नियम बसवून शेकडो भजने रचली आणि बहिणींच्या गायनाची कीर्ती दूरवर गेली. त्या बहिणी सुंदर नक्षीदार अक्षरे काढीत. छापखानाही होता. मेनोनाइट पंथासाठी 'हुतात्म्यांचा आरसा' हा ग्रंथ त्यांनी जर्मन भाषेत आणून 1748-49 साली छापला. सुमारे पंधराशे पानांचे हे पुस्तक अमेरिकन वसाहतींत छापलेले सर्वांत मोठे पुस्तक होय. त्याला तीन वर्षे लागली.

बेंजामिन फ्रँकलिनने आपल्या आत्मचरित्रात या पंथाच्या मायकेल वोलफार्टची आठवण दिली आहे. लोक तुमच्याविषयी भलतेसलते बोलतात, तर तुमची मते छापून का टाकत नाही, असे फ्रँकलिनने त्याला विचारले. वोलफार्टचे म्हणणे असे पडले की, देवाने आम्हांला हळूहळू प्रकाश दिला. काल जे खरे वाटले ते आज चूक ठरले. आज छापून ठेवले तर पुढच्या पिढीला पुढे जाता येणार नाही. इतका नम्र पंथ आपण दुसरा पाहिला नाही, असा शेरा फ्रँकलिनने दिला आहे.

पण या नम्र पंथाचा प्रमुख मात्र नम्र राहिला नाही. अनुयायी बायसेलला 'पिता' म्हणू लागले. लग्न ही खालच्या पायरीची गोष्ट आहे, अशी त्याची शिकवण. तिच्यामुळे चांगले संसार मोडले. ख्रिस्टोफर साउअर नावाच्या जर्मन गृहस्थाची पत्नी 1730 साली नवऱ्याला व लहान मुलाला सोडून बायसेलच्या मंडळीत गेली आणि पंधरा-एक वर्षांनी परत आली. हाच साउअर पुढे मोठा मुद्रक झाला आणि 1743 साली त्याने जर्मन बायबल छापले. अमेरिकेत युरोपीय भाषेत छापलेले ते पहिले बायबल. 1739 साली एफ्राटाच्या भजनांचे पुस्तक त्याच्याच छापखान्यात छापले जात असता एका कडव्यावर त्याची नजर अडली. बायसेलने येथे स्वतःला तारणाऱ्याच्या जागी बसविले आहे, असे त्याला दिसले. दोघांत कडाक्याचे भांडण झाले. साउअरने बायसेलच्या लॅटिन नावातील अंकदर्शक अक्षरांची बेरीज करून दाखविली. ती 666 भरली. ख्रिस्ती ग्रंथात हा सैतानी श्वापदाचा आकडा आहे. आपल्या गेमात्रियाचीच ही ख्रिस्ती बहीण म्हणावयाची!

पुढे मठाचा कारभारी इझ्राएल एकरलिन याने गिरण्या व कारखाने काढून भरभराट केली, तेव्हा बायसेलला ते पाहवले नाही. 1745 साली एकरलिनला जावे लागले. 1768 साली बायसेल मरण पावला. त्याच्यामागे पीटर मिलर या विद्वान व सुशील पुरुषाने धुरा वाहिली, पण नवे लोक येईनासे झाले. ब्रह्मचाऱ्यांना मुले नव्हती आणि संसारी लोकांच्या मुलांना त्या लाकडी उशीत गोडी नव्हती. 1777 साली ब्रँडीवाइनच्या लढाईनंतर जनरल वॉशिंग्टनचे जखमी सैनिक येथे आणले, तेव्हा बंधूभगिनींनी त्यांची सेवा केली. तापाच्या साथीत सैनिकांबरोबर सेवा करणारेही दगावले. त्या मोठ्या ग्रंथाच्या न विकलेल्या प्रतींची पाने सैन्याने बंदुकीत ठासण्यासाठी नेली. 1813 साली शेवटची ब्रह्मचारिणी वारली. 1941 साली पेनसिल्व्हेनिया सरकारने ती जागा विकत घेतली. आता ते संग्रहालय आहे आणि प्रवासी बुटक्या दारांतून वाकून आत जातात.

ढकलगाडी घेऊन चर्चमध्ये

कनेक्टिकटच्या न्यू लंडन गावचा जॉन रॉजर्स हा एका श्रीमंत भटारखानेवाल्याचा मुलगा. 1674 च्या सुमारास ऱ्होड आयलंडमधील शनिवार पाळणाऱ्या बॅप्टिस्टांची शिकवण त्याला पटली. प्रतिष्ठित घराण्यातील त्याच्या पत्नीने काडीमोड मागितला, न्यायालयाने 1676 साली तो दिला आणि मुलेही तिच्याकडे गेली.

रॉजर्स स्वभावाने हट्टी. आपल्या मताप्रमाणे शांतपणे जगणे त्याला पुरेसे नव्हते. रविवार पवित्र नाही हे सगळ्या गावाला पटवून देण्याचा त्याने विडा उचलला. त्याची माणसे रविवारी मुद्दाम लोकांच्या डोळ्यांसमोर काम करीत. बायका चर्चमध्ये विणकाम घेऊन बसत. एकदा तर प्रार्थना चालू असता रॉजर्स ढकलगाडी लोटीत थेट चर्चमध्ये शिरला. दंड झाला, फटके बसले. आयुष्याची कितीतरी वर्षे त्याने तुरुंगात काढली. औषध घेणे हा देवावरचा अविश्वास, असेही त्याचे मत होते. त्यावरून शनिवारच्या बॅप्टिस्टांशीही त्याचे फाटले. शेवटी तर सगळे दिवस सारखेच, असे म्हणून त्याने शनिवारही सोडला. ज्या आज्ञेसाठी घर मोडले, तीच आज्ञा उरली नाही! 1721 साली बोस्टनला देवीची मोठी साथ होती. देव आपले रक्षण करील अशा विश्वासाने रॉजर्स तेथे गेला, परत आला आणि त्याच रोगाने मेला.

तरीही त्याचे अनुयायी लगेच नाहीसे झाले नाहीत. काही कुटुंबे रानात एकत्र राहिली आणि एकोणिसाव्या शतकापर्यंत टिकली. पुढे गुलामगिरी व युद्ध यांच्याविरुद्ध त्यांनी आवाज उठविला. धर्माच्या बाबतीत सरकारने हात घालू नये, ही रॉजर्सची मूळ मागणी आज अमेरिकेच्या घटनेत आहे, हे त्याच्या पदरात टाकले पाहिजे.

याहून भयंकर गोष्टीही घडल्या. दक्षिण कॅरोलिनात याकोब वेबर नावाच्या शेतकऱ्याने स्वतःला प्रत्यक्ष देव म्हणवून घेतले. त्याच्या मंडळीच्या हातून खून झाले आणि 1761 साली त्याला फाशी झाली.

स्त्रियांनी काढलेले दोन पंथ

वसाहतकाळाच्या अखेरीस दोन स्त्रियांची नावे पुढे आली. मँचेस्टरच्या कापडधंद्यात वाढलेली ॲन ली ही लोहाराची मुलगी. तिची चारही मुले लहानपणीच वारली. 1774 साली आठ अनुयायांसह ती न्यूयॉर्कला उतरली. तिचे लोक प्रार्थनेत थरथरत आणि नाचत, म्हणून त्यांना 'शेकर' म्हणू लागले. त्यांनीही ब्रह्मचर्य धरले. 1784 साली ती वारली, पण मागच्यांनी शिस्त आणि नियम घालून पंथ वाढविला आणि एकोणिसाव्या शतकात तो हजारोंवर गेला. त्यांच्या साध्यासुध्या खुर्च्यांना आज मोठी किंमत येते. पंथाची माणसे मात्र मेन राज्यातील एकाच वस्तीत बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत.

दुसरी जमायमा विल्किन्सन ही ऱ्होड आयलंडची क्वेकर मुलगी. 1776 च्या ऑक्टोबरमध्ये ती तापाने अंथरुणाला खिळली. उठली ती हे सांगत की, जमायमा मेली असून तिच्या देहात आता देवाने पाठविलेला आत्मा राहतो. त्याचे नाव 'पब्लिक युनिव्हर्सल फ्रेंड', म्हणजे सर्व जगाचा मित्र. त्यानंतर जुन्या नावाला तिने कधीही ओ दिली नाही. लांब काळा झगा घालून, घोड्यावर बसून ती गावोगाव उपदेश करी. ज्या काळात बाईने चर्चमध्ये तोंड उघडणे अशोभनीय मानीत, त्या काळात न्यायाधीश आणि जमीनदार तिचे ऐकावयास बसत. पुढे न्यूयॉर्कच्या पश्चिमेकडील रानात तिच्या लोकांनी वस्ती केली. त्या गावाचे नाव जेरुसलेम. आजही ते नकाशावर आहे. 1819 साली ती वारली, जमिनीवरून कोर्टकचेऱ्या झाल्या आणि पुढील पन्नासएक वर्षांत पंथ संपला. अमेरिकेतल्या त्या जेरुसलेमात आता तिची वाट पाहणारा कोणी नाही.

न्यूपोर्टचे सात जण

आता अशा पंथाकडे वळू की ज्याच्यात कोणी नबी नव्हता. म्हणूनच की काय, त्याची हकिकत थोडी निरस वाटते.

ऱ्होड आयलंड ही वसाहत मॅसॅच्युसेट्समधून हद्दपार झालेल्या रॉजर विल्यम्सने 1636 साली वसविली. तेथे श्रद्धेसाठी कोणास शिक्षा नव्हती. तेथील न्यूपोर्ट बंदरात 1665 च्या सुमारास स्टीफन ममफर्ड नावाचा इंग्रज बॅप्टिस्ट आला. दहाही आज्ञा पाळावयाच्या तर चौथी का वगळावी, हे त्याचे साधे म्हणणे. ते प्रथम पटले टेसी हबर्ड या बाईला, मग तिच्या नवऱ्याला. काही वर्षे ही मंडळी जुन्याच चर्चमध्ये राहून शनिवार पाळीत होती. शेवटी 1671 च्या डिसेंबरात सात स्त्रीपुरुषांनी वेगळी मंडळी स्थापली. अमेरिकेतील 'सातव्या दिवसाचे बॅप्टिस्ट' ते हेच. सात या आकड्याने आपल्या वाचकांना नवगावच्या किनाऱ्यावर लागलेल्या सात जोडप्यांच्या परंपरेची आठवण झाल्यास नवल नाही.

या सातांपैकी कोणालाही साक्षात्कार झाला नव्हता. कोणी जगाच्या अंताची तारीख सांगितली नाही, लग्न निषिद्ध केले नाही, शेजाऱ्याच्या चर्चमध्ये ढकलगाडी नेली नाही. ते शेती व व्यापार करीत, मुलाबाळांत राहत आणि शुक्रवारी संध्याकाळी काम थांबवीत. त्यांच्यातला सॅम्युएल वॉर्ड ऱ्होड आयलंडचा गव्हर्नर झाला आणि पुढे फिलाडेल्फियाच्या काँग्रेसचा सभासद. 1730 साली त्यांनी न्यूपोर्टमध्ये बांधलेले सभागृह अजून आहे आणि त्याच्या व्यासपीठावर दहा आज्ञांच्या पाट्या लावलेल्या आहेत.

त्याच गावात आपले यहुदी बांधवही होते. त्यांनी 1677 साली दफनभूमीसाठी जागा घेतली आणि 1763 साली सिनेगॉगचे उद्घाटन केले. उत्तर अमेरिकेत आज उभे असलेले सर्वांत जुने सिनेगॉग ते हेच. 1773 च्या शाबुओथला तेथे हेब्रोनहून आलेले रब्बी हाइम कारिगाल यांनी प्रवचन केले, तेव्हा ख्रिस्ती अधिकारी व पाद्री ऐकावयास आले होते. म्हणजे अठराव्या शतकातील त्या बंदरात शनिवारी सकाळी दोन वेगळ्या धर्मांचे लोक आपापल्या मंदिराकडे चालत निघालेले दिसत आणि त्यांना अडविणारा कोणी नव्हता.

स्वातंत्र्ययुद्धात इंग्रज फौजेने न्यूपोर्ट व्यापले, व्यापार गेला आणि दोन्ही मंडळ्या विरळ झाल्या. पण शनिवारच्या बॅप्टिस्टांची काही कुटुंबे आधीच आतील शेतीच्या मुलखात गेली होती. तेथे 1708 साली त्यांनी स्वतंत्र मंडळी केली होती. तेथून मुले-नातवंडे पश्चिमेकडे गेली आणि शनिवार बरोबर घेऊन गेली. 1844 च्या सुमारास त्यांच्यातल्या रेचेल ओक्स या बाईने न्यू हॅम्पशायरमधील काही ॲडव्हेंटिस्ट लोकांना शनिवारची गोष्ट पटवून दिली. हे ॲडव्हेंटिस्टही तारखेचीच वाट पाहून निराश झालेले होते! त्यांतून निघालेल्या 'सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्ट' चर्चचे आज जगभर दोन कोटींहून अधिक सभासद आहेत. त्यांच्यातही एलन व्हाइट ही दृष्टान्त सांगणारी बाई होऊन गेली, हे खरे. पण शनिवार त्यांना मिळाला तो दृष्टान्तातून नव्हे, एका साध्या बॅप्टिस्ट बाईच्या वाचनातून. आपल्यापैकी जे पुण्याचे आहेत त्यांना औंध रस्त्यावरील स्पायसर कॉलेज आठवेल. ते याच लोकांचे. न्यूपोर्टच्या सात जणांचा शनिवार असा फिरत फिरत पुण्यापर्यंत आला.

नबी आणि नियम

दवारीमच्या पुस्तकात खोट्या नब्याची कसोटी सांगितलेली आहे. त्याचे भाकीत खरे ठरते की नाही हे पाहावे, आणि चमत्कार खरा ठरला तरी तो तुम्हांला देवाच्या मार्गावरून ढळवीत असेल तर त्याचे ऐकू नये. ही कसोटी ख्रिस्त्यांनाच लावावयाची असे मुळीच नाही. याच शतकात आपल्या लोकांतही शाब्बथाय त्सवी निघाला होता. त्याच्या नादाने कित्येक देशांतल्या यहुद्यांनी घरेदारे विकण्याची तयारी केली, बातमी बोस्टनच्या प्युरिटनांपर्यंत पोहोचली आणि 1666 साली तो मुसलमान झाला. शेवटी फजिती झाली ती भोळ्याभाबड्यांची.

वरील सर्व हकिकतींत एक गोष्ट सारखी दिसते. ज्या पंथाने आपला भार एका माणसावर किंवा एका तारखेवर ठेवला, तो त्या माणसाबरोबर किंवा त्या तारखेबरोबर कोसळला. शेकर जास्त टिकले ते ॲन लीच्या मागून नियम झाले म्हणून, आणि विरळ झाले ते घरात पाळणा नव्हता म्हणून. ज्यांनी नियम घरात आणला, चुलीपाशी आणि मुलांच्या पानाशी आणला, ते नावाजले नाहीत, पण उरले.

आपल्या पूर्वजांकडे पाहा. कोकणात त्यांना रब्बी नव्हता, तोराची गुंडाळी नव्हती, हिब्रू विसरले होते. परंपरा सांगते की, दावीद राहाबी आले तेव्हा त्यांना सापडले ते एवढेच: शेमा, सुंता, पर आणि खवले नसलेली मासळी वर्ज्य, आणि शनिवारी बंद असलेला घाणा. या चार गोष्टींतली एकही कोणा नब्याने नव्याने सांगितलेली नव्हती. आपल्याकडे नबी म्हणजे एलियाहू हन्नबी. त्याची आठवण आपण मलिद्याच्या ताटाशी काढतो आणि अलिबागजवळच्या खडकावर त्याच्या रथाची खूण दाखवितो. पण तो आला आणि गेला. त्याने आपल्याला नवा पंथ दिला नाही, जुन्याच नियमांत राहू दिले. शिवाय हेही कृतज्ञतेने सांगितले पाहिजे की, शनिवार पाळला म्हणून कोकणातील हिंदू शेजाऱ्यांनी आपल्याला दंड केला नाही की फटके मारले नाहीत. त्यांनी फक्त नाव ठेवले. सोमवारी घाणा बंद ठेवणारे ते सोमवार तेली, शनिवारी ठेवणारे ते शनिवार तेली. संपला वाद!

याच न्यू इंग्लंडच्या काँग्रिगेशनल चर्चच्या मिशनऱ्यांनी 1813 साली मुंबईत अमेरिकन मराठी मिशन सुरू केले. ज्यांच्या पूर्वजांनी शनिवार पाळणाऱ्या रॉजर्सला तुरुंगात घातले, त्यांच्या शाळांत आपली मुले शिकली आणि आपली माणसे शिक्षक झाली. विद्या आपण घेतली. धर्म मात्र बहुसंख्यांनी बदलला नाही, कारण बदलण्याजोगा तो कोणाच्या व्याख्यानात नव्हता, आईच्या स्वयंपाकघरात होता.

इस्राएलमध्ये आल्यावर 1960 नंतरच्या काही वर्षांत आपल्या यहुदीपणाविषयी शंका काढली गेली. तो आघात वडीलधारे विसरलेले नाहीत. 1964 साली तो प्रश्न मिटला. पण त्या वेळी आपण पुरावा म्हणून काय पुढे केले? कोणाचा साक्षात्कार नव्हे, कोणाची वंशावळही नव्हे. पिढ्यान्‌पिढ्या पाळलेल्या या चार साध्या गोष्टीच पुढे केल्या.

आता एक नवी अडचण आहे आणि ती गोड अडचण आहे. येथे शनिवारी सरकारच सुट्टी देते. बस थांबते, कचेरी बंद होते. शनिवार पाळावा म्हणून कोणाला काही गमवावे लागत नाही. ज्या वस्तूची किंमत मोजावी लागत नाही ती हातातून कधी निसटली हे कळत नाही. आपल्या नातवंडांना शनिवार म्हणजे समुद्रावर जाण्याचा दिवस वाटू लागला असेल, तर त्यांना रागावून उपयोग नाही. त्यांना न्यूपोर्टच्या त्या टेसीबाईंची गोष्ट सांगावी. तिला जन्माने हा दिवस मिळाला नव्हता. तिने तो वाचला, ओळखला आणि आपल्या घरात आणला. आणि मग शुक्रवारी दिवा लावताना मुलांना जवळ बसवून घ्यावे. त्यासाठी कोणा नब्याची गरज पडत नाही.